दोरीपलीकडची खुर्ची

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. अख्ख्या गल्लीच्या हनुवट्या गुळगुळीत करणारा माणूस, आणि त्याच्याच बापाच्या तोंडावर दाढीचं रान माजलेलं.

या सलूनवाल्याला सगळे 'कात्री' म्हणायचे. हात चाले तशीच जीभ चालायची, म्हणून. पण हल्ली गिऱ्हाईक टेकलं रे टेकलं की पहिला टोमणा तेच मारायचं.

"काय रे कात्री, तुझ्या आबांनी वस्तऱ्याशी भांडण काढलंय का?"

"वस्तऱ्याशी नाही, खुर्चीशी," कात्री म्हणायचा आणि गिऱ्हाइकाची मान जरा जास्तच जोरात वळवायचा.

खोटं नव्हतं. दुकान आबांनीच टाकलेलं, उभा जन्म तिथेच काढलेला. मागच्या आजारपणात त्यांच्या डोक्याची चाळण झाली. सुनेला विचारायचे, "बाई, तुम्ही कुणाच्या?" पण नव्या खुर्चीत बसवलं की ताडकन म्हणायचे, "ही माझी नव्हे. उठव मला." आणि मान अशी हिसडायचे की गळ्याला वस्तरा लावायची छाती होईना. स्टुलावर बसवून झालं, पलंगावर झालं, दारात उन्हाला झालं. मशीन लावलं तर त्याची गुरगुर ऐकून आबा चपला टाकून पळाले. शेवटी एकदा गालावर लांबलचक ओरखडा उठला, आणि कात्रीनं वस्तरा खाली ठेवला. सुंभ जळाला तरी पीळ कुठं जातो?

आणि आबांची खुर्ची कुठं होती? इतिहास मंडळात. गावात एका जुन्या जजाचं दुमजली घर होतं, त्याचं मंडळानं म्युझियम केलं होतं. खाली जजाचा पलंग, जजाचा चष्मा, जजाची काठी. वर 'जुने धंदे' नावाची खोली. तिथे शिंप्याचं मशीन, चांभाराचे साचे आणि खिडकीपाशी, दोरीच्या पलीकडे, आबांची खुर्ची. कुणी ओढून नेली नव्हती. कात्रीनं स्वतःच्या हातानं दिली होती. नवी खुर्ची आली, दुकानात जागा पुरेना, जुनीचं पाय टेकायचं पायटं बायकोच्या नडगीवर रोज आपटायचं. मंडळानं टाळ्या वाजवल्या, फोटो काढला. आबा तेव्हा लेकीकडे गेले होते. परत आले, नवी खुर्ची बघितली, "बरं" म्हणाले आणि मागे जाऊन पडले. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

आता तीच खुर्ची मागायला कात्री खेपा घालत होता. म्युझियमला सोमवारची सुट्टी, सलूनलाही सोमवारचीच. म्हणजे जायचं तर धंदा बंद ठेवून, आणि वर तिकीट काढून.

"आपल्याच खुर्चीचं तोंड बघायला तिकीट!" तो खिडकीवर दर खेपेला करवादायचा. खिडकीवरचा माणूस दर खेपेला तेवढ्याच थंडपणे तिकीट फाडायचा.

मंडळाचा कारभार रिटायर झालेल्या हेडबाई बघायच्या. माणूस वाईट नाही, पण नियमाला मुंगळ्यासारख्या चिकटलेल्या.

"बाई, परत देऊ नका. एक दिवस न्या म्हणा. दाढी करतो, आणून ठेवतो."

"अहो, वस्तू एकदा दोरीपलीकडे गेली की ती गावाची होते."

"मग मी आणि आबा काय परगावचे?"

"तसं नव्हे हो. समितीपुढे ठेवते."

समिती बसायची तेव्हा माणसं भरत नसत, आणि माणसं भरत तेव्हा बोलणं जजाच्या गळक्या छपरावरच संपायचं. इकडे आबांची दाढी छातीकडे निघालेली. जेवताना घास तिच्यात अडकायचे, आबा चिडायचे, सून पुसायला गेली की हात झटकायचे.

एक दिवस बायकोच तडकली. "ताकाला जाऊन भांडं काय लपवताय? घेऊन जा आबांना, बसवा आणि करा दाढी. नाहीतरी बघायला माणसं मिळत नाहीत म्हणून रडतायत ना ते मंडळवाले?"

कात्रीला पटलं. दारात पिशव्या काढून घेतात, म्हणून वस्तरा आणि ब्रश विजारीच्या खिशात घातला, साबणाची डबी सदऱ्याच्या. जिना अरुंद. आबा दर पायरीवर थांबायचे.

"लग्न कुणाचं म्हणालास?"

"कुणाचं नाही, आबा. पाय उचला."

वर चिटपाखरू नव्हतं. कात्रीनं दोरीचा आकडा काढला, आबांना धरून बसवलं. आबांची पाठ ताठ झाली. पाय आपसूक पायट्यावर गेले. कात्रीचा जीव भांड्यात पडला. त्यानं ब्रश काढला, डबी उघडली.

तेवढ्यात आबांचा उजवा अंगठा खुर्चीच्या हात टेकायच्या दांड्याखाली सरकला. तिथलं रेक्झिन फाटकं होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आबा त्या भोकात अंगठा घालून काथ्या उपसत डुलक्या काढायचे. भोक वाढून वाढून चिमणीच्या घरट्याएवढं झालं होतं. अंगठा पुढे गेला, मागे आला. शिरायला जागाच सापडेना.

"ही नव्हे," आबा म्हणाले.

"आबा, तीच आहे. हे बघा पायटं. हा दांडा."

"लोकांच्या खुर्चीत बसवतोस? उठव."

कात्रीनं वाकून बघितलं. इतक्या खेपांना दोरीमागून खुर्ची चकाकताना दिसायची, त्याला वाटायचं पुसली असेल. भोक नव्हतंच. सगळं नवं कातडं.

"अहो, अहो! हे काय चाललंय?" हेडबाई दारात उभ्या.

"हिचं फाटकं कुठं गेलं, बाई?"

बाईंचा राग एकदम निवळला. "लक्षात आलं का? खास कारागिराकडून नवं चढवून घेतलं. अगदी जुनं वाटतं ना?"

"जुनंच होतं की, बाई!" कात्री असा ओरडला की आबा दचकले. "जुनं काढून जुन्यासारखं लावलंत!"

"लोकांसमोर फाटकं कसं ठेवणार? तुमच्या आबांचाच मान आहे त्यात."

बाई मनापासून बोलत होत्या, हाच मोठा वैताग. शिव्या तरी कुणाला घालायच्या?

"आणि ते जुनं?"

"टाकलं. उंदरांचा वास यायचा त्याला."

कात्रीनं डबी मिटली. आबांना एकेक पायरी उतरवत दुकानात आणलं, बाकावर बसवलं आणि नव्या खुर्चीसमोर उभा राहिला. मग वस्तरा उघडून तिच्या उजव्या दांड्याखाली ओढला. चर्रर्र!

बायको आतून धावली. "वेड लागलं का? कोरी करकरीत खुर्ची!"

त्यानं आबांना उचलून बसवलं.

"ही माझी..." आबा म्हणाले, आणि अंगठा आत गेला. पिवळा स्पंज निघाला. आबांनी तो बघितला, हुंगला, खाली टाकला. अंगठा पुन्हा आत. कात्रीनं श्वास रोखून साबण फासला. उजवा गाल सरसर मोकळा झाला. तो डाव्या बाजूला वळला तसे आबा उठले.

"ही नव्हे."

"आबा, अर्धी राहिलीय!"

आबा तसेच फेसाळ तोंडानं दारात जाऊन उभे राहिले. समोरचा पानवाला खो-खो हसला. "कात्री, आता रोज एक गाल का?"

बायको चिकटपट्टी घेऊन आली आणि चिरलेल्या दांड्याशी वाकली.

"हात लावू नकोस," कात्री खेकसला. "डावा गाल बाकी आहे."