सरहद्दीपासून पाऊण तास

थायलंडमध्ये इंग्रजी शिकवायला जायचं नक्की झालं, तेव्हा आईने एकच प्रश्न विचारला.

"तिथून सरहद्द किती लांब?"

त्या देशाचं शेजारच्या कंबोडियाशी जुनं भांडण आहे, हे तिला कुणीतरी मोबाइलवर दाखवलं होतं. माझी शाळा त्याच बाजूला होती.

"जव्हारपासून मोखाडा जेवढं, तेवढी," मी म्हटलं.

"म्हणजे जीपने पाऊण तास," आई म्हणाली आणि चुलीकडे वळली. आई घरात आमच्या बोलीत बोलते, इथे मी ते मराठीत लिहिते आहे. बोलीत ते याहून कोरडं वाटलं होतं.

मी तेव्हा मोखाड्याकडच्या एका आश्रमशाळेत तासिकेवर शिकवत होते. दर जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही, याची वाट बघत बसायचं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. आमच्या गावी, दाभोशाला, भाताचा एक तुकडा आणि आईची मजुरी, यावर घर चालायचं. बाहेरच्या देशातली नोकरी सोडून देण्याइतकी ऐपत आमची नव्हती, हे आईलाही ठाऊक होतं. मुलाखतीत मी तिकडच्या मुख्याध्यापिकेला विचारून घेतलं होतं, की तिथे भीती नाही ना? त्या हसून म्हणाल्या, "इतके सैनिक आहेत, भीती कसली?"

सैनिक खरंच होते. गावाच्या तोंडाशी चौकी होती आणि भाजी आणायला जातानाही ओळखपत्र दाखवावं लागायचं. पहिल्या आठवड्यातच त्याची सवय झाली. शाळेच्या मैदानाच्या कडेला सिमेंटचे मोठाले पाइप ओळीने मांडून ठेवले होते, आपल्याकडे रस्त्याखाली मोरीला घालतात तसे. त्यांच्यावर जुने टायर आणि मातीच्या गोण्या रचलेल्या होत्या. मला वाटलं रस्त्याचं काम निघालंय. बरोबरची इंग्रजीची शिक्षिका फिलिपिन्सची होती. ती म्हणाली, "लपायला आहेत. शिट्टी झाली की मुलांना आत न्यायचं." मग मी दर सोमवारी माझ्या वर्गाकडून तीच वाक्यं घोकून घेऊ लागले. रांग करा. पळू नका. डोकं खाली. मुलं सुरात म्हणायची आणि हसायची.

ती मुलं घरी एक भाषा बोलत, शाळेत दुसरी, आणि तिसरी माझ्याकडे शिकत. माझंही तसंच झालं होतं. पण त्यांची घरची भाषा सरहद्दीपलीकडचीही भाषा होती. भांडण तापायला लागलं तसं शिक्षकांनी त्यांना मैदानावर ती बोलू नका म्हणून सांगितलं. कुणी मारलं नाही, ओरडलंही नाही. मुलांच्या भल्यासाठीच सांगितलं. त्यानंतर मधल्या सुट्टीत मैदान एकदम शांत झालं. मुलं खेळायची, पण तोंडं मिटून.

मी एका म्हाताऱ्या बाईच्या घरी वरच्या खोलीत राहत होते. तिकडे आजीला याय म्हणतात, मीही तिला तेच म्हणायचे, आणि तिची भाषा मोडकीतोडकी बोलायलाही शिकले होते. तिची थोडीफार शेती होती. एका रविवारी मी तिच्याबरोबर भात लावायला चिखलात उतरले. माझी लावण बघून ती हसत सुटली. आपल्याकडे आवणी करतात त्याहून ती रोपं लांब लांब लावायची. "तुमच्याकडे जमीन कमी आहे का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "दगड जास्त आहेत."

यायची थोरली बहीण लग्न होऊन पलीकडे गेली होती. पूर्वी सरहद्दीवरच्या बाजारात दोघी भेटायच्या. आता फाटक बंद होतं. फोन तेवढा लागायचा.

ज्या दिवशी सुरू झालं, त्या दिवशी प्रार्थना संपून मुलं वर्गात शिरत होती. दूरवर धप्प असा आवाज आला. विहिरीसाठी सुरुंग लावलाय असं मला वाटलं, कारण माझ्या कानांना तेवढाच आवाज ओळखीचा होता. मग दुसरा आला, तिसरा आला, आणि खिडक्यांची तावदानं थरथरली. शिट्टी झाली. मुलांनी दप्तरं डोक्यावर घेतली, रांग केली. कुणी पळालं नाही. पाइपात अंगाला अंग लागून आम्ही बसलो. माझ्याजवळची एक मुलगी माझ्या ओढणीचं टोक तोंडात धरून बसली होती.  तिच्याशी कोणत्या भाषेत बोलावं हेच मला सुचेना.

दुपारपर्यंत आईबाप येऊन मुलांना घेऊन गेले. मी घरी आले तर याय शेजाऱ्यांबरोबर देवळामागच्या पाइपात बसलेली. मीही आत शिरले. शेजारी एक फौजेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. तोफेचा आवाज झाला की ते सांगायचे, "हा येणारा." सगळे माना खाली घालायचे. मग, "हा जाणारा, आपला," म्हणाले की सगळ्यांच्या माना वर यायच्या, कुणी पाणी प्यायचं, कुणी एखादा शब्द बोलायचं.

याय मात्र 'जाणारा' म्हटलं की आखडून जायची. माझा हात तिच्या हातात होता, म्हणून मला ते कळलं. येणाऱ्याला तिचा हात सैल असायचा आणि जाणाऱ्याला घट्ट. बऱ्याच वेळाने ती माझ्या कानाशी म्हणाली, "ताई तिकडे आहे."

संध्याकाळच्या आत आम्हाला पिकअपमध्ये भरून जिल्ह्याच्या गावी नेलं. एका कॉलेजच्या हॉलमध्ये चटया अंथरलेल्या होत्या. गर्दीमुळे माझा फोन लागेना. शाळेने मात्र चांगुलपणाने एक काम केलं होतं. परदेशी शिक्षकांच्या घरी कळवावं, म्हणून कचेरीतल्या बाईंनी सगळ्यांच्या घरी फोन केले होते. माझ्या आईलाही केला होता.

आईला फोन आला तेव्हा ती जव्हारचा बाजार करून जीपमधून उतरत होती. आमच्या इथे रेंज रस्त्यावरच येते. परका नंबर, परका आवाज. त्या बाई इंग्रजीत बोलत होत्या. आईला त्यात फक्त माझं नाव कळलं. ते त्यांनी दोनदा घेतलं. आईने "काय झालं, काय झालं" विचारलं, तर त्या पुन्हा तेच बोलल्या, जरा सावकाश. मग फोन बंद झाला.

आई तिथेच रस्त्याकडेला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन लागला, तो आमच्या काकीने उचलला. माझा आवाज ऐकून ती किंचाळली. मागे खूप माणसं बोलत असल्याचं ऐकू येत होतं. मी विचारलं, "रस्त्यावर एवढी गर्दी कसली?" काकी म्हणाली, "सगळे आईला घेऊन इथेच बसलोय. परत फोन येईल म्हणून. तू मेलीस असं वाटलं ना आम्हाला."

आईने फोन घेतला. 

"बरी आहेस?"

"बरी आहे. त्या बाई तेच सांगत होत्या, आई. मुलगी सुखरूप आहे म्हणून."

"मला काय ठाऊक?" आई म्हणाली. "तुला खरंच काही झालं असतं, तरी ती तशीच बोलली असती. मला कळलं असतं का?"

 हॉलमध्ये भोंग्यावरून जेवणाची सूचना चालू होती, तेवढ्यात फोन तुटला.

काही दिवसांनी शस्त्रसंधी झाली आणि आम्ही गावी परतलो. शाळेचं छप्पर शाबूत होतं. यायच्या शेतात अर्धी लावणी तशीच राहिलेली, रोपं जागच्या जागी पिवळी पडली होती. ती दिवसभर बहिणीला फोन लावत राहायची. शेवटी दूर कुठेतरी कामाला असलेल्या भाच्याकडून निरोप आला. पलीकडच्या लोकांनाही गाव सोडावं लागलं होतं. बहीण आधीच आजारी होती, ट्रॅक्टरवरून नेताना वाटेतच गेली. अंत्यविधी उरकूनही गेला होता. फाटक उघडं असतं, तर याय त्याच दिवशी तिथे पोचली असती.

तिने देवळात बहिणीच्या नावाने पूजा घातली. भिक्खूंसाठी भात रांधला, फळं आणली, ओळीने चटया घातल्या. पूजा पलीकडच्या बाईच्या नावाने होती, शेजारीपाजारी आले नाहीत. भांडून नाही, नुसते आले नाहीत. रस्त्यात भेटले तेव्हा तिची विचारपूस करून गेले. फिलिपिन्सची मैत्रीण आणि मी, आम्ही दोघी बसलो. पाइपातले ते निवृत्त गृहस्थ उशिरा आले आणि दाराशीच हात जोडून उभे राहिले. भिक्खूंनी मंत्र म्हटले. उरलेला भात यायने आम्हा दोघींना बांधून दिला. खूप उरला होता.

सत्र संपलं तसं मी नोकरी सोडली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आता शांत झालंय." मैत्रीण राहिली. तिच्या घरी तिच्या पगाराकडे डोळे लावून बसलेली माणसं माझ्या घरच्यांपेक्षा जास्त होती. मी भित्री म्हणून परत आले, असं कुणी म्हटलं तर मी नाही म्हणणार नाही. पण मला तोफगोळ्याची जेवढी भीती वाटली, त्याहून जास्त त्या फोनची वाटली.

दाभोशाला मी जीपमधून उतरले, तेव्हा बायका मला बघायला आल्या. एका म्हातारीने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि निघून गेली. आईने त्या दिवसाचं पुन्हा नाव काढलं नाही. आता मी जव्हारला शिकवण्या घेते, काही तास कॉलेजवरही मिळतात. मुली मला विचारतात, "मॅडम, बाहेर जावं का?" मी सगळं सांगते. काही तरीही जातात.

हिवाळ्यात मैत्रिणीचा फोन आला. पुन्हा सुरू झालं होतं, सगळे पुन्हा त्याच हॉलमध्ये होते. "याय इथेच आहे," ती म्हणाली आणि फोन तिच्याकडे दिला.

याय पुष्कळ बोलली. तिची भाषा मी विसरत चालले होते. मधले दोन-तीन शब्द कळले, भात, पाऊस, आणि आई. माझी आई कशी आहे असंच विचारत असावी, असं धरून मी म्हटलं, "बरी आहे." पुढे काय बोलावं ते मला त्या भाषेत येईना. तिनेही फोन ठेवला नाही. तिकडच्या हॉलमधल्या लहान मुलांच्या रडण्याचा आवाज येत राहिला.