उजवी पाकळी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. देवालाही नाही — त्याला काय सांगायचं, तो तिथेच होता. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलायला जरा सोपं जातंय. शाळा चौथीपर्यंतच झाली, लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

आधी वडिलांबद्दल सांगते. ते कोकणात आमच्या गावच्या देवळाचे गुरव. सोयरीक अडली, बांधावरून भाऊ भांडले, की माणसं कौल मागायला येत. वडील पाषाणाच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवत, गाऱ्हाणं घालत, आणि हात पाठीमागे बांधून उभे राहत. देवाची उजवी पाकळी आधी पडली तर होकार. डावी पडली तर नकार. कधी कधी अर्धा अर्धा तास काहीच पडत नसे. तोंडावर माशी बसली तरी त्यांचा हात पुढे येत नसे. ते म्हणायचे, पाकळ्या लावून झाल्या की कौल लावणाऱ्याचे हात मेले पाहिजेत. मी लहान होते. मला त्या मेलेल्या हातांची भीती वाटायची.

आमचे हे गेल्यावर मुलाने, सुहासने, मला जर्मनीत आणलं, बॉबलिंगेनला. तो गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. येताना मी लग्नात वडिलांनी दिलेला मुठीएवढा काळा पाषाण आणला. स्वयंपाकघरातल्या कपाटात त्याला जागा केली. नातू निनाद तेव्हा पाच वर्षांचा होता. आईवडिलांना उत्तर जर्मनमध्ये द्यायचा, माझ्याशी मात्र तोडकंमोडकं मराठी बोलायचा, कारण मला दुसरं काही येत नव्हतं. दुपारभर घरात आम्ही दोघंच. मी त्याला कौल दाखवला, खेळ म्हणून. उद्या बर्फ पडेल का? पोहण्याच्या परीक्षेत पास होईन का? मी गाऱ्हाणं घालायची आणि तो डोळे मिटून वाक्यावाक्याला ओरडायचा, "होय म्हाराजा!" त्या खेळातसुद्धा मी पाकळीला हात लावला नाही. कधीच नाही.

तो वाढला, आणि भलताच वाढला. शेजारच्या गावातल्या क्लबात अमेरिकन फुटबॉल खेळू लागला — पायाने खेळतात तो नाही, डोक्यावर हेल्मेट घालून माणसं एकमेकांवर आदळतात तो. निनाद क्वार्टरबॅक. म्हणजे चेंडू आधी त्याच्या हातात येणार, आणि समोरून धिप्पाड पोरं अंगावर येत असताना तो कोणाकडे फेकायचा हे त्यानेच ठरवायचं. तीन आकडे मोजून व्हायच्या आत. त्याच जोरावर त्याला अमेरिकेत कॉलेजात घेतलं. आम्ही पेढे वाटले. मला वाटलं, खेळ आहे, खेळेल.

तिकडे जमलं नाही. दोन वर्षं राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून काढली. मग संधी मिळाली तर ओळीने चार सामने हरले, आणि पुन्हा बाक. त्या चौथ्या सामन्यात —

थांबा, हे नीट सांगते. सामना मी सुहासच्या लॅपटॉपवर पाहत होते. निनाद पडला. त्याच्यावर पडलेले तिघे उठले, तो नाही उठला. मग दोघांनी धरून नेला. सुहास म्हणाला, "आई, खेळात होतं असं, घाबरू नकोस." दुसऱ्या दिवशी निनादचा फोन आला. "आजी, जेवलीस?" म्हटलं, हो रे, आमटीभात. तो हवेबद्दल काहीतरी बोलला. मग म्हणाला, "आजी, जेवलीस?" मी पुन्हा सांगितलं, आमटीभात. थोड्या वेळाने तिसऱ्यांदा, त्याच आवाजात, "आजी, जेवलीस?" तेव्हा मी म्हटलं, नाही रे, अजून नाही. उत्तर का बदललं? वेगळं काही ऐकलं की तो थांबेल, असं वाटलं असेल का?

पुढच्या आठवड्यात म्हणाला, जरा गरगरतं, बाकी काही नाही. पप्पांना सांगू नको हं.

मी नाही सांगितलं. सांगितलं तर तो मला फोन करायचा थांबेल, ही भीती. दिवसाकाठी तेवढा एकच आवाज माझ्यासाठी यायचा.

पदवी झाली, तो नाताळात घरी आला. खेळायचं एक वर्ष त्याचं अजून शिल्लक होतं. नियम असा होता, की पदवी घेतलेल्याने पुढच्या शिक्षणाला दुसऱ्या कॉलेजात जावं आणि ते उरलेलं वर्ष तिथे लगेच खेळावं. एका लहान कॉलेजच्या कोचने त्याला बोलावलं होतं — ये, पहिला क्वार्टरबॅक तूच. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. घरात तीन दिवस तोच विषय. सुहास म्हणाला, "चार सामने हरलेल्याला पहिला करतायत, म्हणजे ते कॉलेज काय असेल बघ!" सून मेघना म्हणाली, "अहो, टोमणे कसले मारताय? जाऊ दे त्याला. नाहीतर जन्मभर मनात राहील." मी पोळ्या लाटत होते. तिथेच बोलता आलं असतं. तीनदा विचारलेलं ते "जेवलीस" सांगितलं असतं तर डॉक्टरने बघितलं असतं, खरं काय ते कळलं असतं. मी पोळी उलटली.

रविवारी दुपारी सुहास आणि मेघना फिरायला गेले. निनाद स्वयंपाकघरात आला. दारात वाकून यावं लागायचं त्याला.

"आजी, मला ठरवता येत नाही. मैदानावर पण तसंच होतं आता. चेंडू हातात असतो आणि हात उठत नाही." मग हसला. "देवाला विचार ना. तो बोलेल गेनाऊ, अगदी तेच करणार मी."

मला वाटलं थट्टा करतोय. तो पाय धुऊन आला.

मेघनाने सुपरमार्केटातून शेवंती आणली होती. मी दोन पाकळ्या ओल्या केल्या, चिकटवल्या. गाऱ्हाणं घातलं — बा देवा म्हाराजा, लेकरू दारात उभं आहे, जाऊ की नको विचारतंय, काय असेल ते खरं सांग. तो हात जोडून, डोळे घट्ट मिटून म्हणाला, "होय म्हाराजा." आवाज एवढा मोठा, पुरुषाचा, आणि बोलणं पाच वर्षांच्या पोराचं.

माझं बोलणं संपतंय न संपतंय तोच पाकळी पडली. उजवी.

तुम्हाला खरं सांगू? मी विचार केला नाही. मला तो हिरवळीवर पडलेला दिसला. मी ती पाकळी उचलली, जिभेने ओली केली — उष्टी — आणि होती तिथे परत लावली. मग करंगळीने डावी खाली पाडली. आणि म्हटलं, "उघड डोळे."

त्याने खूप वेळ पाहिलं. "नको म्हणतो," एवढंच बोलला. माझ्या पाया पडला आणि बाहेर जाऊन फोन केला.

तो आता न्युरेम्बर्गला नोकरी करतो. धडधाकट आहे. डोकं दुखत नाही, एक गोष्ट तीनदा विचारत नाही. मला हवं होतं ते सगळं मिळालं. पुढच्या शरदात तो आमच्याकडे आला होता, तेव्हा त्या लहान कॉलेजचा सामना लॅपटॉपवर लागला होता. त्याच्या जागी दुसरंच पोर होतं. निनाद माझ्या शेजारी सोफ्यावर, आणि मांडीवरचा त्याचा उजवा हात आपोआप थोडा उचलला जायचा, फेकल्यासारखा, आणि खाली यायचा. त्याला ते कळतही नव्हतं. मी बघत होते. पाहुण्यांना तो हसत सांगतो, "आमच्या आजीच्या देवाने मला रिटायर केलं." सगळे हसतात. मीही हसते.

आणि आता तो प्रत्येक गोष्ट विचारतो. घर घेऊ की नको. बॉसशी बोलू की नको. तीन आकड्यांत ठरवणारा माझा निनाद. गेल्या रविवारी आला आणि म्हणाला, "आजी, एक मुलगी आहे. कौल लाव ना." मी म्हटलं, मला हल्ली नीट दिसत नाही रे. तो म्हणाला, "मी लावतो पाकळ्या, तू फक्त बोल." आणि पाय धुवायला गेला.

परत आला, पाकळ्या लावल्या, हात जोडले, डोळे मिटले. मी माझे हात पाठीमागे बांधले. तो तसाच उभा होता, माझ्या गाऱ्हाण्याची वाट बघत.

त्या दिवशी उजवी पडली होती. लगेच पडली होती.