गॅलरीच्या सळया

आमच्या घरात वर्तमानपत्रं कमी आणि पत्रकं जास्त. वडील चळवळीत होते; उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले. भार कुणावर पडतो, हे आधी विचारायचं, एवढं त्यांतून शिकले. कराडला इंजिनिअरिंगला गेले, तर स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सचा विषय तोच प्रश्न दगडाला आणि लोखंडाला विचारत होता. वस्तू वाकली की तिची एक बाजू दाबली जाते, दुसरी ताणली जाते. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. म्हणून ताणाच्या बाजूला सळई हवी. तिथं कुणाची ओळख चालत नाही, वशिला चालत नाही. मला हा विषय फार आवडला.

त्या हिवाळ्यात सुटीला घरी आले, तेव्हा गावात देवळासमोर समाजमंदिर बांधणं चाललं होतं. वरच्या मजल्याला रस्त्यावर आलेली गॅलरी, खास बायकांसाठी. यात्रेत पालखीवर गुलाल-खोबरं उधळायचं, तर आजवर बायका पुरुषांच्या मागं टाचा उंचावून उभ्या असायच्या. आईनं बायका गोळा करून ही गॅलरी मागून घेतली होती.

मी वर चढले. सळया तळाला बांधल्या होत्या. दोन्हीकडून भिंतीवर टेकलेल्या स्लॅबला ते बरोबर. पण गॅलरी एकाच बाजूनं धरलेली. तिचा ताण वरच्या अंगाला.

"मिस्त्री, सळया वर घ्या."

मिस्त्री हसला. "ताई, लय स्लॅब टाकल्यात. जाळी खालीच असती."

बांधकाम चुलते बघत होते. ते म्हणाले, "सकाळी मिक्सर येतोय. आता नाट लावू नगंस."

"आबा, तिथं आई उभी राहणार, काकी राहणार. खालनं पालखी जाणार."

"पुस्तकातलं पुस्तकात ठेव गं."

सकाळी मिक्सर यायच्या आत मी गॅलरीच्या फळ्यांवर जाऊन बसले. खाली गर्दी जमली.

"बापाचीच लेक! उपोषण हाय व्हय?"

"आवं, उठवा तिला, न्हाईतर स्लॅबात जाईल!"

रस्त्यानं उसाची गाडी चालली होती. मी एक ऊस वर मागवला. बुंधा भिंतीवर ठेवून मिस्त्रीला त्यावर पाय द्यायला लावला आणि बाहेर आलेलं टोक दाबलं. ऊस भिंतीच्या कडेलाच कडकन मोडला.

"आधी कुठनं फाटला?"

मिस्त्रीनं वाकून बघितलं. "वरनं."

"मग शिवण कुठं घालायची?"

उत्तर खालून काकीनं दिलं, "फाटतं तिथंच की! आवं, बघताय काय? गॅलरी आमची हाय, वर घ्या त्या सळया."

चुलते मिक्सरकडं वळले. मग मिक्सरवाल्याला म्हणाले, "चहा घे जा. येळ लागंल."

सळया वर गेल्या, आतल्या स्लॅबमध्ये लांबवर नेल्या, त्यांच्याखाली टेकू बसवले. काँक्रीट पडताना मी हातात काठी घेऊन उभी होते, कारण घमेली आणणारा प्रत्येक जण सळयांवरच पाय देत होता आणि पाय दिला की सळई पुन्हा खाली दबते. "पाय बाजूला!" ओरडून माझा आवाज बसला.

यात्रेत गॅलरी बायकांनी खचाखच भरली. सगळे पालखीकडं बघत होते. मी खाली, गॅलरी भिंतीला जुळते तिथं डोळे लावून. खोबऱ्याची वाटी खाड्कन डोक्यात बसली.

"अगं, देवाकडं बघ की!" वरून आई ओरडली.

"तू नीट उभी राहा," मी म्हणाले आणि पालखी पुढं सरकेपर्यंत तिथून हलले नाही.