उंटांमागून चालताना

त्या वर्षी माझं बाळ पोटातच गेलं आणि मी देवाला हात जोडणं सोडलं. सांता क्लारातल्या आमच्या छोट्या अपार्टमेंटमध्ये देव्हारा पडदा ओढून तसाच होता. "चार दिवस बाहेर जाऊ, तुला बरं वाटेल," एवढंच हे म्हणाले. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आम्ही गाडीने युटाकडे निघालो.

निघतानाच ह्यांच्या अंगात कणकण होती. नेवाडाच्या उंच, ओसाड पठारावर ताप चढला, धाप लागली. डॉक्टर मिळेल म्हणून हमरस्ता सोडून आत वळलो, पण तिथे डोंगर आणि करड्या झुडपांशिवाय काही नव्हतं. शेवटी त्यांनी गाडी कडेला घेतली. मला ड्राइव्ह करता येत नव्हतं, फोनला रेंज नव्हती. भर दुपारी बर्फ भुरभुरायला लागलं. त्यांच्या अंगावर होते नव्हते ते कोट घालून मी मदत शोधायला पायी निघाले. देवाकडे मागायला तोंड उरलं नव्हतं.

वळणावर दोन उंट उभे होते. आपल्याकडच्यासारखे नव्हेत; दोन-दोन वशिंडांचे, केसाळ, पाठीवर बर्फ साचलेलं. थंडीने भास होतोय असंच वाटलं. मग एकाच्या तोंडाला म्होरकी दिसली. म्हणजे उंटांना सांभाळणारं कुणीतरी जवळपास असणार. ते वळून संथ चालू लागले. मी मागून गेले.

टेकडीआड एक घर होतं. चाऱ्याची बादली घेऊन एक म्हातारी बाई बाहेर आली. "तू उंटांना आणलंस, की उंटांनी तुला?" तिने विचारलं. मी रडत इंग्रजीत जमेल तसं सांगितलं. तिने बादली तिथेच ठेवली आणि ट्रक काढला.

गाडीपाशी जाऊन ह्यांना ट्रकमधून दवाखान्यात नेलं. न्यूमोनिया होता. डॉक्टर म्हणाले, "आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं."

हे बरे झाल्यावर निरोप घेताना मी त्या बाईला उंटांबद्दल विचारलं. "एक सर्कस बंद पडली, तेव्हा मी हे दोघे आणले. त्या दिवशी वाऱ्याने फाटक उघडलं असेल. खायची वेळ झाली की परत येतात," ती म्हणाली.

तसंच असेल. मी वाद घातला नाही. माझं बाळ का गेलं, ते मला आजही कळलेलं नाही. पण मी पुन्हा हात जोडू लागले. मागत काही नाही. एवढंच म्हणते, तू पुढे चाल, मी येते.