चावी दिली, दार राहिलं

पांढरकवड्याच्या एका ट्रॅक्टर शोरूममध्ये मी स्पेअर पार्टच्या काउंटरवर बसतो. पार्ट मागवावे लागतात आणि महिना महिना येत नाहीत. किस्से मात्र न मागवता येऊन पडतात, आणि ते परत घ्यायला कंपनी तयार नसते! गेल्या वर्षी तर गोडाऊनच भरलं. कंपनीनं वरून फर्मान काढलं होतं की प्रत्येक डीलरनं लहान मुलांची एक संस्था 'पार्टनर' म्हणून घ्यावी आणि स्टाफनं मिळून तिच्यासाठी निधी उभारावा.

आमचे मालक भैयासाहेब. त्यांनी मार्केटिंगच्या पंकजला एकच प्रश्न विचारला, "याच्यात आपल्याले काय भेटते?"

"फोटो, भैयासाहेब. कंपनीच्या मासिकात छापतात."

"मंग दोन संस्था घे ना!"

*

घेतली एकच. केळापूरच्या रस्त्यावर मुलींचं एक वसतिगृह आहे. तांड्यावरची माणसं दरसाल ऊसतोडीला जातात, त्यांच्या मुली वर्षभर तिथं राहून शाळा शिकतात. ते सांभाळतात सुमनताई राठोड. मुली त्यांना 'याडी' म्हणतात, म्हणजे आई.

पंकजनं त्यांना शोरूममध्ये बोलावलं, एसी लावला, कॉफी मागवली आणि विचारलं, "ताई, मुलींना सगळ्यात जास्त काय पाहिजे?"

"दार," सुमनताई म्हणाल्या. "संडासाले दार नाही. एक पोरगी आत जाते तं दुसरी भाईर चादर धरून उभी राह्यते. आमची कविता दहावीत गेली. मागच्या साली शाळा सोडायचं म्हणे, कशीबशी थांबवली. या साली नाही थांबत ते."

पंकज पेन चावत राहिला. "ताई, दाराचा फोटो काय येणार? जरा इन्स्पायरिंग सांगा ना काही."

सुमनताईंनी नीट विचार केला. "मंग दोन दारं द्या. दोन संडास हायेत."

पंकजनं मोहिमेचं नाव ठेवलं 'पंख स्वप्नांचे'.

*

निधीसाठी पहिल्यांदा आली दानपेटी. ट्रॅक्टरच्या आकाराची, लाल, माझ्याच काउंटरवर. गिऱ्हाइकांना वाटलं ही तक्रारपेटी! महिन्याभरानं भैयासाहेबांनी सगळ्यांसमोर ती उघडली. आत क्लचप्लेटच्या तक्रारी, एक लग्नपत्रिका आणि मोटारसायकलची एक चावी निघाली.

चावी पाहून आमचा मेकॅनिक गफ्फारभाई ओरडला, "अरे, ये तो पीछे खडी है उस गाडी की! मैं रोज हँडल लॉक तोडने का सोच रहा था!"

मोटारसायकल सुटली. संस्थेला काही मिळालं नाही.

*

मग कंपनीचा मेल आला: स्टाफनं घरून पदार्थ करून आणावेत, एकमेकांना विकावेत आणि जमलेले पैसे संस्थेला द्यावेत. मोठ्या शहरांत म्हणे खूप पैसा जमतो असा.

आम्ही आणलं. कुणी वडाभात, कुणी पुरणपोळ्या, गफ्फारभाईनं पातेलंभर बिर्याणी. टेबलं मांडली, पंकजनं प्रत्येक पदार्थावर किमतीची चिठ्ठी लावली. पण पैसे घ्यायला कुणी हातच पुढं करेना! मी वडाभात वाढला, आमच्या कॅशियरनं नोट काढली आणि मीच खवळलो, "काहून बे, मायच्या हातचं जेवाले घालून पैसे घेऊ काय तुह्यापासून?"

"खिलाके पैसा लूँ?" गफ्फारभाई म्हणाला. "घर जाके अब्बा को क्या मुँह दिखाऊँ?"

सगळे पोटभर जेवले. भैयासाहेबांनी तीनदा बिर्याणी घेतली. दुपारी एक शेतकरी ट्रॅक्टर बघायला आला, तेव्हा त्याला दाखवायला जागं असं कुणी नव्हतं.

*

शेवटी प्रत्येकाचा एक दिवसाचा पगार कापला, तेव्हा कुठे निधी जमला. त्याआधी फोटोसाठी मुलींना शोरूममध्ये आणलं होतं. टोप्या दिल्या, फुगे दिले. भैयासाहेब ट्रॅक्टरवर चढून बसले, फोटोग्राफर तयार झाला आणि बघतो तर मुली गायब!

शोधत मागं गेलो. आमच्या स्टाफच्या संडासासमोर सगळ्या रांगेत उभ्या. एक आत जायची, कडी लावायची, काढायची, परत लावायची. बाहेरच्या हसत म्हणायच्या, "आता माहा नंबर!" कविता सगळ्यात शेवटी गेली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही.

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पंकजला म्हटलं, "बघितलं?" तो म्हणाला, "हो ना यार, लाइट गेला. आता फोटो डार्क येतीन."

*

जमलेल्या निधीतून संडासाला आतून बाहेरून रंग दिला, कंपनीचाच लाल. भिंतीवर 'पंख स्वप्नांचे' लिहिलं. उद्घाटनाचा मांडव, फ्लेक्स, पाहुण्यांचं जेवण यांत बाकीचे पैसे संपले. दारं 'दुसऱ्या टप्प्यात' गेली.

आता आमच्या शोरूमची एक रीत आहे. ट्रॅक्टरची डिलिव्हरी म्हणजे हार, नारळ आणि मोठी चावी. थर्माकोलच्या चाव्या फोटोच्या रेटारेटीत मोडायच्या, म्हणून भैयासाहेबांनी अख्ख्या प्लायवुडचा बोर्ड करून घेतला होता. खाली सोनेरी चावी, वर हात जोडलेले भैयासाहेब. उद्घाटनाच्या दिवशी पंकजनं तोच बोर्ड पिकअपमध्ये घालून वसतिगृहावर नेला. टाळ्या वाजल्या आणि चौघांनी उचलून तो सुमनताईंच्या हवाली केला.

सुमनताई बोर्डाकडं बघून म्हणाल्या, "चावी तं झाली साहेब. दार?"

पाहुणे खूप हसले. त्यांना वाटलं ताई विनोदी आहेत! मग जेवणाच्या घाईत बोर्ड तिथंच राहिला.

दसरा आला. डिलिव्हऱ्या लागल्या आणि गिऱ्हाइकं चावीशिवाय फोटो काढायला तयार होईनात. भैयासाहेब स्वतः जीप काढून निघाले, मला आणि गफ्फारभाईला घेऊन. गफ्फारभाई वाटभर नवीन बोर्ड करून घेऊ म्हणत होता, हे मला तेव्हाच खटकायला पाहिजे होतं.

"ताई, आमची चावी?" भैयासाहेबांनी विचारलं.

"मागं हाय," सुमनताई म्हणाल्या. "पाहून घ्या."

मागं गेलो. दोन्ही संडासांना दारं! बोर्ड मधोमध कापलेला. एका दारावर अर्धे भैयासाहेब आणि एक हात, दुसऱ्यावर उरलेले भैयासाहेब आणि दुसरा हात. बिजागऱ्या माझ्या ओळखीच्या होत्या, आमच्याच काउंटरवरच्या. मी गफ्फारभाईकडं बघितलं. तो आभाळाकडं बघत होता.

भैयासाहेब लाल झाले. तरातरा पुढं गेले आणि डावीकडच्या स्वतःला धरून हिसका मारला. दार हललं नाही. दुसरा हिसका मारला.

आतून कविताचा आवाज आला, खणखणीत:

"कोण हाय बे तिकडं? कडी लावली हाय, समजत नाही काय!"