कागलहून परत आलेली कबुतरं

गुरुवारी तात्यांच्या छातीच्या स्कॅनचा आणि रक्ताचा रिपोर्ट आला. त्यानंतर काकी त्यांच्याशी एकदाच बोलली.

तात्या माझे थोरले चुलते. आई-वडील गेल्यावर मी त्यांच्याच घरी वाढले. पेठेत त्यांना कबुतरवाले तात्या म्हणत. गच्चीवर त्यांची कबुतरांची ढाबळ होती आणि तिच्यापुढं घरातली माणसं दुय्यम होती, हे ते लपवत नसत. "माणूस बाहेर सोडलं तर परत येईल ह्याचा भरवसा न्हाय," म्हणायचे. समोर काकी जेवायला वाढत असायची.

डॉक्टरांनी पडद्यावर फुप्फुसांच्या तळाशी पडलेली जाळी दाखवली. कबुतरांच्या विष्ठेशी आणि पिसांच्या धुळीशी झगडणारी द्रव्यं रक्तात फार वाढली होती. दोन्ही एकत्र पाहिलं की आजार कुठल्या वेगानं पुढं जाईल याचा अंदाज बांधता येतो, असं ते म्हणाले. कबुतरं आत्ता गेली तर वेग कमी होईल. राहिली तर वर्ष-दीड वर्षात ऑक्सिजनचं यंत्र घरी आणावं लागेल.

तात्यांनी ऐकून घेतलं. "पावणं, पंचांग कुठलं वापरता?"

रिक्षात मी चिडून म्हणाले, "तुम्ही कबुतराच्या डोळ्यात बघून सांगता ना, हे पुण्याहून परत येईल, हे येणार नाही? मग डॉक्टरांनी तुमच्या आत बघून सांगितलं तर काय बिघडलं?"

"कबुतर उलटं बोलत न्हाय, बालिष्टर." मी सारखी वाचत बसते म्हणून बालिष्टर.

काकीचे निरोप आता माझ्यामार्फत जाऊ लागले. "सांग तुझ्या तात्यास्नी. एक तर ढाबळ, न्हाईतर मी."

"तिला सोडली तर परत यील का, इचार."

"न्हाई येणार म्हणावं."

दोघं एकाच खोलीत बसलेले असत.

शेवटी तात्यांनी कबुतरं कागलच्या एका शौकिनाला दिली. टेम्पोतून स्वतः पोचवून आले. काकीनं गच्ची फिनेलनं धुतली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी कबुतरं कठड्यावर हजर. उडवून तयार केलेलं कबुतर नव्या जागी रुजत नाही, त्याला कायमचं कोंडून ठेवावं लागतं. पेठेत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी कागलला फोन केला. ते गृहस्थ म्हणाले, "तात्याच म्हणालते की, सकाळी सोडा म्हणून."

मी तात्यांकडे पाहिलं. "कोंडून घाल म्हणाय जीभ वळली न्हाय," ते म्हणाले.

"मग मरा," काकी म्हणाली. ती थेट बोलली ते एवढंच.

पुढच्या स्कॅनमध्ये जाळी वर सरकली होती. तोवर दम पुरेनासा होऊन त्यांची शिट्टी गेली होती. कबुतरं उतरवायला ते आता पत्र्याचा डबा वाजवत. "आला तुमचा अंदाज बरोबर," ते डॉक्टरांना म्हणाले, जणू गुन्हा त्यांचाच.

"चुकला असता तर मी पेढे वाटले असते," डॉक्टर म्हणाले.

 

यंत्र आलं ते सांगितलेल्या मुदतीतच. त्याची नळी जिन्यापर्यंत पुरायची. तात्या खालच्या पायरीवर बसून पंखांच्या आवाजावरून कुठलं कबुतर उतरलं ते सांगत. मी पुस्तकातून मान वर काढत नसे. लहानपणी बोटाला धरून मला वाचनालयात नेणारे तेच. आपल्या नावानं छापून आलेलं रिपोर्टचं एक पान मात्र त्यांना खरं वाटलं नाही. तो राग मला अजून सोडत नाही, आणि तो ऐकायला आता ते नाहीत.

दिवाळीनंतर ते गेले. काकीनं कबुतरं लांबच्या एकाला दिली, कोंडून ठेवायच्या अटीवर. ढाबळ मोडून टाकली. डॉक्टरांनी आम्हा दोघींनाही तपासणीला बोलावलं. माझा स्कॅन स्वच्छ आला. ढाबळ झाडायचं काम लग्न झाल्यापासून काकीकडं होतं. तिच्या फुप्फुसांच्या तळाशी जाळी धरली आहे.