भेंडाच्या दोन गोळ्या

लॅबवाले काका रोज सकाळी कुलूप उघडून आधी कंगवा काढायचे. डोक्यावर केस मोजकेच, तरी चार-पाच वेळा जोरात फिरवायचे आणि टेबलावरच्या कागदाच्या कपट्यांवर धरायचे. कपटे उडून चिकटले तर म्हणायचे, "हवा कोरडी हाय. करा प्रयोग." नाही चिकटले तर प्रयोगाच्या सामानाच्या कपाटाची चावी खिशात. पावसाळाभर त्यांनी आम्हाला त्या कपाटाला हात लावू दिला नाही. "हवेत पानी असलं का भार टिकत नाही. मंग तुमी म्हनसान, पुस्तकच खोटं हाय."

बाभुळगावच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात ते परिचर होते. शिक्षण दहावी. पण ज्वारीच्या वाळल्या धांड्यातलं भेंड, म्हणजे आतला हलका गाभा, काढून ते हरभऱ्याएवढ्या गोळ्या कोरत आणि रेशमी दोऱ्याला बांधत. विकतच्या गोळ्या जड असतात, असं त्यांचं ठाम मत.

अकरावीच्या चाचणीत मी लिहिलं होतं, दोन विद्युतभारांमधलं अंतर दुप्पट केलं की बल निम्मं होतं. मला ते अगदी बरोबर वाटलं होतं. अशाच चुकांनी मी नापास झाले. आमच्या घरात कॉलेज पाहिलेलं कोणी नाही, विचारणार कोणाला? कला शाखेत जायचा अर्ज लिहिला आणि ऑफिसकडे निघाले.

"काहून वं, तास सोडून कुठं चाल्ली?" काकांनी हटकलं.

मी अर्जाचं सांगितलं, चाचणीतलं ते निम्म्या बलाचं उत्तरही.

"देजो अर्ज. ऑफिस काही पळून नाही चाललं. आधी हे पाह्य."

जानेवारी होता. त्यांनी प्लॅस्टिकची पट्टी मफलरवर घासून लटकलेल्या गोळीला लावली, मग काचेच्या कांडीवरच्या दुसऱ्या गोळीला. "धर कांडी, गोळीपासून चार बोटांवर. जेवढा जोर, तेवढी सरकते." लटकलेली गोळी मागच्या मोजपट्टीवर चार रेघा दूर सरकली. "आता आठ बोटांवर. किती सरकंन?"

"दोन रेघा."

गोळी जेमतेम एक रेघ सरकली. मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. थोडं कमी-जास्त व्हायचं, पण दोन कधीच नाही.

"म्हणजे बल निम्मं नाही, चौथाई," मी हळूच म्हणाले.

"ते सरायले सांग," काका हसले. "मले फक्त गोळ्या करता येते."

मी खरंच सरांना सांगायला गेले. वर्गात विचारलेली ती माझी पहिली शंका. अर्ज दिला नाही.

आता मी यवतमाळला बी.एस्सी. करते. काका निवृत्त झालेत. प्रवेश मिळाल्याचा फोन केला, तेव्हा त्यांनी मार्क विचारले नाहीत.

"तिथं सामानाले हात लावू देते काय?"

"हो, काका."

"मंग जमते तुले."